रक्तवाहिन्यांची भिंत : रचना आणि कार्य

भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात मोडत होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि २०१८ मध्ये आठवी भट्टी पेटली. दल्ली-राजहरा येथील खाणींतून येणारे लोहखनिज या भट्ट्यांत वितळते. झोतभट्टीची भिंत म्हणजे काय, हे भिलाईच्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बाहेरच्या बाजूस पोलादी कवच, त्याच्या आत पाणी खेळविणारी शीतनव्यवस्था आणि सर्वांत आत उच्चतापसह विटांचे अस्तर, अशी तिची रचना असते. भट्टीचे आयुष्य बव्हंशी या अस्तरावर अवलंबून असते. अस्तर झिजत जाते, आणि ते पुरेसे झिजले की भट्टी विझवून, रिकामी करून, नव्याने अस्तर बसवावे लागते.

मनुष्याच्या शरीरातही थरांची बनलेली आणि आतून अस्तर लावलेली एक भिंत आहे. ती रक्तवाहिन्यांची भिंत होय. तिच्या आतून वाहणारा पदार्थ लोहरसासारखा तप्त नसला, तरी तिच्यावरील ताण अखंड असतो. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर हृदय दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा आकुंचन पावते आणि साठ वर्षांत हा आकडा दोनशे कोटींच्या पुढे जातो. यांपैकी प्रत्येक ठोक्याचा आघात ही भिंत सोसते. ती दुरुस्त करण्यासाठी रक्ताचा प्रवाह थांबविता येत नाही. चालू प्रवाहातच तिला स्वतःची निगा राखावी लागते. ही निगा ती कशी राखते, आणि केव्हा राखू शकत नाही, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

सुश्रुतसंहितेत ७०० सिरा आणि २४ धमन्या सांगितल्या आहेत. या शब्दांचा तेथील अर्थ आजच्या शरीररचनाशास्त्रातील अर्थाशी तंतोतंत जुळत नाही; परंतु शरीरभर नलिकांचे जाळे पसरले असून त्यांतून जीवनावश्यक द्रव्ये वाहतात, ही जाणीव त्यामागे स्पष्ट दिसते. प्राचीन ग्रीक वैद्यांचा समज असा होता की रोहिण्यांतून हवा वाहते. मृत्यूनंतर रोहिण्या बहुधा रिकाम्या आढळतात, हे या समजाचे कारण. रोहिण्यांत रक्तच असते हे गेलेन याने प्रयोगाने दाखविले. पुढे १६२८ मध्ये विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याने रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयाकडे परत येते हे सिद्ध केले. तथापि रोहिण्यांतून नीलांत रक्त कोणत्या मार्गाने जाते, ते हार्वीला दिसू शकले नाही, कारण तो मार्ग नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगा नाही. १६६१ मध्ये इटलीतील मार्चेल्लो माल्पीगी याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केशवाहिन्या पाहिल्या, आणि अभिसरणाचे वर्तुळ पूर्ण झाले.

यानंतरही दीर्घकाळपर्यंत रक्तवाहिन्यांकडे केवळ नळ म्हणूनच पाहिले गेले. नळाविषयी विचारावयाचे ते तो किती रुंद आहे आणि फुटका तर नाही ना, एवढेच. हा दृष्टिकोन अपुरा आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसून आले. त्याकडे वळण्यापूर्वी या भिंतीची रचना पाहू.

केशवाहिन्या वगळता सर्व रक्तवाहिन्यांच्या भिंतीत तीन थर असतात. सर्वांत आतील थर तो अंतःस्तर. रक्ताला प्रत्यक्ष स्पर्श करणाऱ्या चपट्या पेशींची एकेरी फरसबंदी हे त्याचे मुख्य अंग असून तिला एन्डोथेलियम असे म्हणतात. या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट झालेल्या असतात. मधला थर तो मध्यस्तर. त्यात वर्तुळाकार मांडलेल्या अरेखित स्नायूंच्या पेशी आणि इलॅस्टिन या लवचिक प्रथिनाचे पापुद्रे असतात. हे स्नायू आपल्या इच्छेच्या अधीन नसतात. सर्वांत बाहेरचा थर तो बाह्यस्तर. कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाच्या तंतूंनी तो विणलेला असतो. वाहिनी प्रमाणाबाहेर ताणली जाऊ न देणे हे त्याचे काम. मज्जातंतूही याच थरातून येऊन मध्यस्तराच्या स्नायूंपर्यंत पोहोचतात. मोठ्या वाहिन्यांची भिंत इतकी जाड असते की आतील रक्तातून तिच्या सर्व थरांचे पोषण होऊ शकत नाही. म्हणून त्यांच्या बाह्यस्तरात अगदी बारीक अशा स्वतंत्र रक्तवाहिन्या असतात. रक्त वाहून नेणाऱ्या भिंतीलाही रक्तपुरवठा लागतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या तीन थरांचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. ज्या ठिकाणी जे काम, त्या ठिकाणी त्याला अनुरूप भिंत, असा निसर्गाचा येथे नियम दिसतो.

हृदयातून निघणारी महारोहिणी प्रौढ माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाची असते आणि तिची भिंत सुमारे दोन मिलिमीटर जाड असते. तिच्या मध्यस्तरात लवचिक पापुद्र्यांचे प्राबल्य असते. याचे कारण असे की हृदय रक्त सलगपणे सोडीत नाही. प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ते झटक्याने बाहेर फेकते आणि नंतर क्षणभर विसावते. महारोहिणी जर पोलादी नळाप्रमाणे ताठ असती, तर रक्तप्रवाह धक्क्याधक्क्याने पुढे सरकला असता व दोन ठोक्यांच्या मध्ये थांबला असता. प्रत्यक्षात ठोक्याबरोबर ती फुगते, फेकलेल्या रक्ताचा काही भाग आपल्या फुगवट्यात साठविते, आणि हृदय विसावलेले असताना मूळ आकारावर येत तो साठा पुढे ढकलते. त्यामुळे केशवाहिन्यांपर्यंत पोहोचेतो प्रवाह जवळजवळ अखंड झालेला असतो. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या रोहिणीत नळी बसवून काचेच्या उभ्या नळीत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढते असे पाहिले. आपली निरीक्षणे त्याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळच्या अग्निशामक बंबात पाण्याची धार अखंड ठेवण्यासाठी हवेची कोठी असे. रोहिण्यांच्या लवचिकपणाची तुलना हेल्सने त्या कोठीशी केली होती.

या लवचिकपणाला एक मर्यादा आहे. इलॅस्टिनचे बहुतेक सर्व उत्पादन जन्मापूर्वी आणि बालपणी होते. प्रौढपणी ते अत्यल्प होते. बालपणी मिळालेल्या या ठेवीवरच शरीराला उभे आयुष्य काढावे लागते. कोट्यवधी वेळा ताणले जाऊन हे पापुद्रे हळूहळू तुटतात आणि त्यांची जागा ताठर कोलॅजेन घेते. म्हणून उतारवयात महारोहिणी ताठर होते, वरचा रक्तदाब चढतो आणि खालचा मात्र तेवढाच राहतो किंवा किंचित उतरतो. वृद्धांच्या रक्तदाबातील दोन आकड्यांमधले वाढलेले अंतर या झिजलेल्या ठेवीचेच निदर्शक असते.

महारोहिणीपासून जसजसे दूर जावे, तसतसे वाहिन्यांत लवचिक पापुद्रे कमी होतात आणि स्नायू वाढतात. अतिशय लहान अशा सूक्ष्मरोहिण्यांत तर भिंतीचा बहुतेक भाग स्नायूंचाच असतो. कोणत्या अवयवाला किती रक्त द्यावयाचे, हे याच वाहिन्या ठरवितात. त्यांच्या हाती एवढी सत्ता कशी आली, ते १८४० च्या सुमारास प्वाझय या फ्रेंच वैद्याने बारीक काचनळ्यांवर केलेल्या प्रयोगांवरून कळते. नळीतून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाह निम्मा न होता सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून स्नायूंच्या अगदी किंचित आकुंचनाने एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा पुष्कळच बदलता येतो.

याच्यापुढे केशवाहिन्या लागतात. येथे मध्यस्तरही संपतो आणि बाह्यस्तरही. एन्डोथेलियमच्या पेशींची एकच रांग, तिच्याखाली एक तलम पटल आणि क्वचित बाहेरून बिलगलेल्या आधारपेशी, एवढीच काय ती भिंत. तिची जाडी एक सहस्रांश मिलिमीटरहूनही कमी असते. इतकी पातळ भिंत फुटत कशी नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नियमात आहे. नलिकेच्या भिंतीवरील ताण आतील दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढा असतो. महारोहिणीची त्रिज्या सुमारे साडेबारा मिलिमीटर, तर केशवाहिनीची सुमारे चार सहस्रांश मिलिमीटर. शिवाय केशवाहिनीतील दाबही सुमारे एकचतुर्थांश असतो. या दोन्ही गोष्टी विचारात घेतल्या, तर केशवाहिनीच्या भिंतीवरील ताण महारोहिणीच्या तुलनेत दहा हजार पटींहूनही कमी ठरतो. तिला जाड होण्याची गरजच नाही. आणि ती पातळ असते म्हणूनच प्राणवायू, साखर आणि टाकाऊ द्रव्ये यांची देवघेव तिच्यातून होऊ शकते. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात आणि मोजक्याच द्रव्यांना वाट देतात. मूत्रपिंडातील केशवाहिन्यांना सूक्ष्म छिद्रे असतात, तर यकृतातील वाहिन्यांत मोठाल्या फटी असतात. ज्या अवयवाचे जे काम, तशी ही चाळण बनलेली आहे.

परतीच्या मार्गावर नीला असतात. त्यांतील दाब कमी असल्याने त्यांची भिंत पातळ व सैल असते आणि शरीरातील अर्ध्याहून अधिक रक्त कोणत्याही क्षणी त्यांच्यातच असते. पायांतील नीलांत अंतःस्तराच्या दुमडींपासून बनलेल्या झडपा असतात. चालताना पोटरीचे स्नायू आवळले की नीला दाबल्या जातात, आणि झडपांमुळे रक्त फक्त वरच्या दिशेने जाऊ शकते. मनुष्य एकाच जागी तासन् तास उभा राहिला, तर हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचते, नीलांची भिंत ताणली जाते आणि कालांतराने झडपांच्या कडा एकमेकींना भिडेनाशा होतात. यंत्रासमोर, दुकानाच्या फळीशी किंवा शाळेच्या फळ्याशी दिवसभर उभे राहणाऱ्यांच्या पायांवर फुगलेल्या, वेड्यावाकड्या नीला दिसतात त्या यामुळे. मधूनमधून चार पावले चालणे किंवा टाचा वर-खाली करणे हा त्यावरील साधा प्रतिबंध आहे.

आता ज्या शोधाने या भिंतीकडे पाहण्याची दृष्टीच बदलली, त्याकडे वळू. रॉबर्ट फर्चगॉट हे अमेरिकी औषधिशास्त्रज्ञ सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत असत. ॲसिटिलकोलीन हे द्रव्य जिवंत प्राण्याच्या शरीरात सोडले असता रक्तवाहिन्या रुंदावतात, हे ठाऊक होते. परंतु कापून काढलेल्या पट्टीवर तेच द्रव्य घातले की ती आकुंचन पावत असे. ही विसंगती अनेक वर्षे तशीच राहिली. पुढे एका प्रयोगात पट्टी प्रसरण पावली. शोध घेता असे आढळले की पट्टी कापताना तिची आतील बाजू जेव्हा घासली जाते, तेव्हा एन्डोथेलियमच्या पेशी खरवडून निघतात आणि पट्टी आकुंचन पावते. आतील बाजू जपली, तर ती सैल पडते. स्नायूंना सैल होण्याचा आदेश या नाजूक अस्तराकडून येत होता. हे संशोधन फर्चगॉट आणि त्यांचे सहकारी झवाड्स्की यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केले. हा आदेश पोहोचविणारे द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू होय, असे १९८७ मध्ये दाखविण्यात आले. वाहनांच्या धुरात जो वायू प्रदूषक म्हणून मोजला जातो, तोच शरीरात रक्तवाहिन्यांचा रक्षक असावा, हे अनपेक्षित होते. फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना याबद्दल १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयशूळावर एकोणिसाव्या शतकापासून वापरात असलेले नायट्रोग्लिसरीन हे औषध शरीरात हाच वायू निर्माण करून काम करते, याचाही त्यातून उलगडा झाला. ज्यांच्या नावाने हे पारितोषिक दिले जाते, त्या आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरिनापासूनच सुरुंगाची दारू बनविली होती, आणि अखेरच्या दिवसांत त्यांच्या हृदयविकारावर वैद्यांनी सुचविलेले औषधही तेच होते.

एन्डोथेलियमची कामे येथेच संपत नाहीत. रक्त बाहेर काढून परीक्षानळीत ठेवले तर काही मिनिटांत गोठते. वाहिन्यांत मात्र ते जन्मभर प्रवाही राहते. याचे श्रेय अस्तराच्या पृष्ठभागाला आणि त्यातून स्रवणाऱ्या द्रव्यांना आहे. त्यांपैकी प्रोस्टासायक्लिन हे द्रव्य १९७६ मध्ये सापडले. रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटू न देणे हे त्याचे कार्य. उलट वाहिनीला जखम झाली, तर हीच भिंत आकुंचन पावून आणि बिंबिकांना चिकटण्यास जागा देऊन रक्तस्राव थांबविते. जंतूंचा शिरकाव झाल्यास श्वेतपेशींना रक्तातून बाहेर पडण्याची वाट तीच दाखविते. केव्हा वाहू द्यावयाचे, केव्हा गोठवावयाचे आणि कोणाला बाहेर सोडावयाचे, हे निर्णय ही एकपेशीय जाडीची फरसबंदी क्षणोक्षणी घेत असते.

या सर्व यंत्रणेची कसोटी पाहावयाची असेल, तर भट्टीसमोर काम करणाऱ्या माणसाकडे पाहावे. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या लोहरसाचे तापमान सुमारे १,५०० अंश सेल्सियस असते. त्याच्या धगीने आणि स्वतःच्या श्रमाने कामगाराच्या शरीरातील उष्णता वाढू लागते. मेंदूतील तापनियंत्रक केंद्राकडून संदेश निघतो आणि त्वचेतील वाहिन्यांचे स्नायू सैल पडतात. विश्रांतीच्या वेळी त्वचेतून मिनिटाला जेमतेम पाव ते अर्धा लिटर रक्त वाहते. कडक उष्म्यात हे प्रमाण सहा ते आठ लिटरपर्यंत जाऊ शकते. विश्रांत अवस्थेत हृदय संपूर्ण शरीराला मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुरविते, हे लक्षात घेतले म्हणजे या मागणीचा आवाका कळतो. त्याच वेळी काम करणाऱ्या स्नायूंनाही रक्त हवे असते. म्हणून हृदयाची गती वाढते, आणि आतडी व मूत्रपिंडे यांच्याकडे जाणाऱ्या वाहिन्या आकुंचन पावून आपला वाटा सोडतात. घामावाटे तासाला एक लिटर किंवा अधिक पाणी निघून जाते. ते भरून न काढल्यास रक्ताचे आकारमान घटते, आणि रुंदावलेल्या वाहिन्या भरण्यास रक्त अपुरे पडू लागते. अशा वेळी काम थांबवून निश्चल उभ्या राहिलेल्या माणसाला भोवळ येते, कारण पोटऱ्यांचा पंपही थांबलेला असतो. त्याला आडवे करून पाय उंचावर ठेवले की तो बहुधा सावरतो. परंतु ज्याची शुद्ध हरपली आहे किंवा जो असंबद्ध बोलू लागला आहे, त्याची गोष्ट वेगळी. तो उष्माघात असू शकतो. त्याला तत्काळ थंड करीत रुग्णालयात नेलेच पाहिजे.

शरीराला उष्म्याची सवय होते, परंतु त्यासाठी सुमारे एक ते दोन आठवडे लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि घाम लवकर व अधिक सुटू लागतो. ही सवय टिकाऊ नसते. काही आठवडे उष्म्यापासून दूर राहिल्यास ती ओसरते. त्यामुळे नवा कामगार आणि दीर्घ रजेवरून परतलेला जुना कामगार हे दोघेही पहिल्या दिवसांत सारखेच असुरक्षित असतात. अनुभवी माणसाला आपल्या अनुभवाचा भरवसा वाटतो. त्याच्या रक्तवाहिन्यांना तो नसतो.

उष्म्याचा ताण निदान जाणवतो. भिंतीचे खरे नुकसान मात्र काहीही न जाणवता होते, आणि त्यात पहिला वाटा उच्च रक्तदाबाचा आहे. दाब दीर्घकाळ चढा राहिला, की लहान रोहिण्यांचा मध्यस्तर जाड होऊ लागतो. भिंत जाड झाली म्हणजे तिच्या प्रत्येक अंशावर येणारा ताण कमी होतो. तेव्हा हा बचावच आहे. परंतु भिंत आतल्या बाजूने जाड झाल्यामुळे मार्ग अरुंद होतो, प्वाझयच्या नियमानुसार अडथळा कित्येक पटींनी वाढतो, आणि दाब आणखी चढतो. बचावासाठी केलेली तजवीजच मग रोग वाढविते. हे सर्व घडत असताना माणसाला दुखत नाही, खुपत नाही. १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब पुनःपुन्हा आढळला, तर तो उच्च समजला जातो. पण तो मोजल्यावाचून कळत नाही.

दुसरा वाटा तंबाखूचा. छत्तीसगढमध्ये विडीखेरीज गुडाखू, म्हणजे तंबाखू आणि गुळाची राब यांचे दातांना चोळण्याचे मिश्रण, फार प्रचलित आहे आणि स्त्रियांतही त्याचे व्यसन आढळते. धूर निघत नाही म्हणून ते निरुपद्रवी, असा समज आहे. परंतु निकोटीन हिरड्यांतूनही रक्तात शिरते, वाहिन्या आकुंचित करते आणि दाब वाढविते. विडीच्या धुरातील द्रव्ये तर एन्डोथेलियमची नायट्रिक ऑक्साइड बनविण्याची क्षमताच खच्ची करतात. मधुमेहात रक्तातील वाढलेली साखरही याच अस्तराला इजा करते. डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या सूक्ष्म वाहिन्यांवर तिचा परिणाम आधी दिसतो.

इजा झालेल्या अस्तरातून रक्तातील स्निग्ध कण अंतःस्तरात शिरतात. त्यांना गिळण्यासाठी श्वेतपेशी येतात आणि तेथेच फुगून अडकतात. मध्यस्तरातील स्नायुपेशी आत सरकून त्यावर तंतूंचे टोपण बनवितात. अशा रीतीने भिंतीत एक गाठ तयार होते. जेथे वाहिनीला फाटा फुटतो आणि प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो, तेथे या गाठी विशेषेकरून आढळतात. टोपण अकस्मात फाटले, तर त्यावर रक्त गोठून वाहिनी काही मिनिटांत बंद होते; हृदयात असे झाल्यास हृदयविकाराचा झटका येतो, मेंदूत झाल्यास पक्षाघात. झटका क्षणात येतो, परंतु त्याची तयारी अनेक वर्षे चाललेली असते. कोरियातील युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी करण्यात आली होती. त्यांचे सरासरी वय २२ वर्षे होते, आणि तरीही शेकडा ७७ जणांच्या हृदरोहिण्यांत या विकाराच्या खुणा सापडल्या. हा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना कोणीही धडधाकट म्हटले असते, अशा तरुणांच्या भिंतींची ही अवस्था होती.

अरुंद झालेली हृदरोहिणी फुग्याच्या साहाय्याने रुंद करण्याची शस्त्रक्रिया आंद्रेआस ग्रुएन्टझिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे प्रथम केली, आणि १९८६ मध्ये मनुष्याच्या हृदरोहिणीत प्रथमच धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेन्ट, बसविण्यात आली. प्रारंभीचे बरेच स्टेन्ट अगंज पोलादाचे होते. जेथे भिंतीने दगा दिला, तेथे पोलाद मदतीला आले खरे. परंतु या उपायाचे यशही अखेर जिवंत अस्तरावरच अवलंबून असते. उघड्या धातूवर रक्त गोठू पाहते. एन्डोथेलियमची नवी पेशीरांग त्यावर पसरेपर्यंत रोग्याला रक्त गोठू न देणारी औषधे घ्यावी लागतात. ती मध्येच बंद करणे धोक्याचे असते.

या प्रदेशात भिंतीचा विचार आणखी एका कारणाने अगत्याचा आहे. सिकल सेल हा आनुवंशिक विकार छत्तीसगढमध्ये आणि त्याला लागून असलेल्या विदर्भात, म्हणजे गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, नागपूर या भागांत, आदिवासी आणि अन्य काही समाजांत आढळतो. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील या विकाराविषयीचे निरीक्षण १९५८ मध्ये प्रसिद्ध केले होते. हीमोग्लोबिनच्या साखळीतील सहाव्या स्थानी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे येते, एवढाच या विकारातील मूळ दोष. त्यामुळे प्राणवायू सोडून दिल्यावर तांबडी पेशी ताठर आणि विळ्याच्या आकाराची होते. केशवाहिनी तांबड्या पेशीहून क्वचितच रुंद असते. निरोगी पेशी मुडपून घेत तीतून निघून जाते, ताठर पेशीला ते जमत नाही.

दीर्घकाळ या विकाराचे स्पष्टीकरण एवढ्यावरच थांबत असे. परंतु पेशी विळ्यासारखी होण्यास थोडा अवधी लागतो, आणि तेवढ्यात ती केशवाहिनी ओलांडून गेली, तर अडथळा टळतो. मग ती अडकते का? या विकारातील तांबड्या पेशी एन्डोथेलियमला चिकटतात, आणि ज्या रुग्णांत हा चिकटपणा अधिक, त्यांचा आजारही अधिक तीव्र असतो, असे हेबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखविले. चिकटण्यामुळे वाटेत विलंब होतो, आणि विलंबामुळे पेशी वाटेतच ताठर होते. शिवाय फुटलेल्या तांबड्या पेशींतून बाहेर पडलेले हीमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते. म्हणजे वाहिनी रुंदावून वाट मोकळी करून देण्याचे साधनच नेमके हिरावले जाते. काही मुलांत मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्यांचा अंतःस्तर जाड होऊन लहान वयातच पक्षाघात होतो. तेव्हा रक्ताचा म्हणून ओळखला जाणारा हा विकार बऱ्याच अंशी भिंतीचाही विकार आहे.

या विकाराचे वाहक बहुधा निरोगी आयुष्य जगतात. पण आई आणि वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता शेकडा २५ असते. म्हणूनच विवाहापूर्वी रक्त तपासून घेणे महत्त्वाचे. विकार झालेल्यांसाठी पुरेसे पाणी पिणे, थंडीपासून जपणे, तापाकडे दुर्लक्ष न करणे आणि वैद्यांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेणे, या गोष्टींनी वेदनेचे झटके कमी करता येतात. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट असून निर्मूलनासाठी २०४७ हे वर्ष ठरविण्यात आले आहे. तपासणीला एक थेंब रक्त पुरते. अडचण असते ती संकोचाची. वाहक असल्याचे कळले तर मुलीचे लग्न मोडेल, या भीतीने तपासणी टाळली जाते, आणि जे टाळावयाचे तेच पुढील पिढीच्या वाट्याला येते.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीविषयी एक आश्वासक गोष्ट अखेरीस सांगणे आवश्यक आहे. तुटलेले लवचिक पापुद्रे परत मिळत नाहीत, हे खरे. परंतु एन्डोथेलियमची कार्यक्षमता बऱ्याच अंशी परत मिळविता येते. तंबाखू सोडली, दाब आटोक्यात आणला आणि रोज भरभर चालण्याचा नेम ठेवला, तर ती सुधारते. चालताना रक्ताचा प्रवाह वाढतो, वाढलेल्या प्रवाहाचे घर्षण अस्तराला जाणवते, आणि त्याला प्रतिसाद म्हणून ते अधिक नायट्रिक ऑक्साइड निर्माण करते. या भिंतीला स्वतःची दुरुस्ती करता येते. तिला त्यासाठी अवसर मात्र मिळाला पाहिजे. दंडावर पट्टा गुंडाळून दाब मोजण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि तिशी उलटलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाने वर्षातून एकदा तरी ती द्यावीत.